वेंगुर्ल्याची डच वखार : कागदांनी जिवंत ठेवलेली गढी

गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ‘वखार’ हा शब्द परका नाही. धानाची पोती जिथे थप्पीला लागतात ते वखार महामंडळाचे गोदाम, आणि सागवान-बांबू विकत घ्यायला जायचे ती लाकडाची वखार. दोन्ही ठिकाणी माल येतो, काट्यावर चढतो, राहतो आणि जातो. एवढाच अर्थ मनात ठेवून कोणी वेंगुर्ल्याच्या डच वखारीसमोर उभा राहिला, तर समोर दिसणारे आणि शब्दाने सांगितलेले यांचा मेळ बसणार नाही. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, दुमजली बांधणी, कोपऱ्यांचा बंदोबस्त ही गोदामाची लक्षणे नव्हेत. आपल्या भागात अशा घराला गढी म्हणतात. सतराव्या शतकातली वखार खरोखर तशीच होती. वर साहेबांचे बिऱ्हाड, खाली मालाच्या कोठ्या, भोवती तटबंदी आणि मधे कचेरी. ही कचेरीच त्या घराचा प्राण होती, असे या लेखात मांडायचे आहे. वेंगुर्ल्याच्या वखारीतला माल कधीच संपला, माणसे गेली, छप्पर कोसळले. तिथे लिहिलेली पत्रे मात्र उरली, आणि त्या पत्रांतून आपला, म्हणजे मराठी मुलखाचा, इतिहास वाचता येतो. वखारीचे संग्रहालय व्हावे असे म्हणताना हीच गोष्ट आधार म्हणून घ्यावी लागते. भिंतींचे जुनेपण हा दुय्यम आधार आहे.

आधी संस्थेची कुळकथा. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि १६१९ पासून जावा बेटावरचे बटाव्हिया हे तिचे पूर्वेकडचे मुख्य ठाणे झाले. मसाल्याच्या व्यापारात तिला पोर्तुगीज नको होते आणि पोर्तुगिजांची राजधानी होती गोवा. १६३६ पासून डच आरमार दरवर्षी पावसाळा सरला की गोव्याच्या तोंडाशी येऊन उभे राहू लागले. महिनोन् महिने समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांना दारूगोळ्याच्याही आधी पाणी आणि तांदूळ लागतो. तो मिळणार कुठे? गोव्याच्या उत्तरेला अगदी जवळ, विजापूरच्या आदिलशाहीच्या ताब्यातले वेंगुर्ले बंदर होते. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा डचांचा वकील विजापूरच्या दरबारात गेला आणि वेंगुर्ल्यास वखार घालण्याची परवानगी घेऊन आला. पोर्तुगिजांच्या शेजारी त्यांचा एक वैरी बसवण्यात आदिलशाहीचेही हित होते. याचा अर्थ असा की ही वखार डचांनी बळाने घेतली नाही. ती दरबारच्या परवानगीने उभी राहिली, आणि मुलखाचा धनी बदलला की तिचे नशीबही बदलत गेले. तटबंदी पाहून ‘परक्यांची सत्ता’ असा जो समज होतो, त्याला हा पहिला छेद. डच इथे राज्यकर्ते नव्हते. ते तटाआड राहणारे भाडेकरू होते. तट लागला तोच मुळी त्या असुरक्षिततेमुळे.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने सतराव्या शतकाच्या मध्याला हे बंदर पाहिले. युरोपीय लोक त्याला ‘मिंग्रेला’ म्हणत. गाव किनाऱ्याने अर्धा कोस पसरलेले आहे, बंदर उत्तम आहे, पाणी चांगले आणि तांदूळ फार चांगला, म्हणून गोव्याला वेढा घालताना डच इथूनच शिधा भरतात, अशी त्याची नोंद आहे. वेलदोड्यासाठी गावाचे नाव होते. जाडाभरडा कापूस-कपडा आणि माल बांधायच्या चटयाही इथून जात. धान खरेदीच्या हंगामात बारदान्यावाचून केंद्रे कशी अडून बसतात हे गोंदियाच्या वाचकाला सांगायला नको. बांधायला काही नसेल तर माल हलत नाही, हे तेव्हाही खरे होते. असे बारकावे मुद्दाम नोंदवावेसे वाटतात, कारण वखारीच्या इतिहासात लढाया आणि जाळपोळ तेवढी सांगितली जाते आणि रोजचा दिवस हरवतो. रोजचा दिवस होता तो असा : होड्यांतून माल उतरवणे, तोलणे, कोठीत लावणे, आणि संध्याकाळी कारकुनाने वहीत टिपणे.

जाळपोळही झाली, आणि थोडी नाही. १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी वेंगुर्ल्यात शिबंदी ठेवली, १६६४ मध्ये बंडाळीमुळे गाव जाळण्यात आले, १६७५ मध्ये मोगलांनी ते पुन्हा जाळले, असे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरवरून दिसते. त्याच नोंदींनुसार १६९६ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी डच मुख्याच्या भेटीचे निमित्त करून वखारीत प्रवेश मिळवला आणि ती लुटली. पुढे डच गेले. १७५० मध्ये आंग्र्यांचा हल्ला झाला, १७७२ मध्ये इंग्रजांनी या गावात आपली वखार घातली, आणि १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्ले कायमचे इंग्रजांकडे गेले. पन्नास वर्षांत दोनदा जळालेल्या आणि एकदा लुटल्या गेलेल्या गावात ही वास्तू तग धरून राहिली, ते मुख्यतः चिऱ्यामुळे. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, सुरीने कापावा तसा कापता येतो. वाऱ्या-उन्हात तो कडक होत जातो. पण त्याच्या अंगाला छिद्रे असतात. वरचा चुन्याचा गिलावा शाबूत आहे आणि डोक्यावर कौल आहे तोवर तो शतके उभा राहतो. छप्पर गेले की कोकणचा पाऊस त्या छिद्रांत उतरतो, शेवाळ धरते, भेगेत पिंपळाचे रोप रुजते आणि त्याची मुळे दोन चिऱ्यांमधला चुना हळूहळू बाहेर ढकलतात. आगीने जे झाले नाही ते दुर्लक्षाने होऊ शकते. वखार आज राज्य संरक्षित स्मारक आहे. तिला अधिक धोका कशाचा, हे या एका दगडाच्या स्वभावावरून कळते.

आता मूळ मुद्द्याकडे. वखारीच्या मुख्याला दोन कामे होती. पहिले व्यापाराचे. दुसरे लिहिण्याचे, आणि त्यातून त्याची सुटका नव्हती. आसपास काय चालले आहे, कोणाचे सैन्य कुठे आहे, कोणत्या सुभेदाराचे कोणाशी फिसकटले, मिरी कोणत्या घाटाने उतरते, गोव्यात कोणते जहाज आले, हे सारे त्याने बटाव्हियाला कळवायचे. तिथे आलेल्या पत्रांचा गोषवारा रोजच्या दप्तरात चढे आणि नकला ॲमस्टरडॅमला कंपनीच्या सतरा संचालकांकडे जात. बटाव्हियाच्या किल्ल्यातली ती रोजनिशी, १६२४ ते १६८२ या काळातला तिचा उरलेला भाग, १८८७ ते १९३१ दरम्यान ३१ खंडांत छापली गेली. आता वेंगुर्ल्याचे ठिकाण आणि काळ ध्यानात घ्यावा. १६३७ नंतरचे अर्धशतक म्हणजे स्वराज्याच्या उदयाचे अर्धशतक, आणि वेंगुर्ले म्हणजे विजापूर, गोवा आणि दक्षिण कोकण यांच्या सांध्यावरची जागा. अफझलखानाच्या मृत्यूची आणि त्यानंतर मराठी फौजांनी घेतलेल्या मुसंडीची वार्ता या वखारीतून बटाव्हियाला गेली. आपल्याकडच्या बखरी बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या, त्यांतल्या तिथींचा गोंधळ अभ्यासकांना माहीत आहे. वखारीचे पत्र मात्र घटनेनंतर काही दिवसांत किंवा महिन्यांत, तारखेसह लिहिलेले असते. म्हणूनच पुण्यात ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ सिद्ध करणाऱ्यांनी परकीयांच्या पत्रांना मराठी-फारसी कागदांच्या बरोबरीने स्थान दिले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळकृष्ण यांनी शिवचरित्र लिहिताना हॉलंडच्या दप्तरांपर्यंत मजल मारली. हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले होते. त्याला पुढे जो वेग यायला हवा होता तो आला नाही.

परक्याचे कागद आपल्याला काय देतात याचे सर्वांत बोलके उदाहरण वेंगुर्ल्याचे नाही, पूर्व किनाऱ्याचे आहे, तरी ते सांगितलेच पाहिजे. १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. हर्बर्ट दे यागर हा डच वकील त्या वेळी महाराजांना भेटला होता. त्या कौलात एक कलम आहे : पूर्वी या मुलखातून माणसे गुलाम म्हणून विकत घेऊन नेण्याची मुभा होती, ती यापुढे मिळणार नाही. सतराव्या शतकातल्या हिंदुस्थानी राज्यकर्त्याने गुलामांच्या व्यापाराला लेखी मनाई केल्याचा हा पुरावा डच भाषेत टिकला, तोही ज्यांच्या धंद्यावर ती मनाई घातली त्यांनीच जपून ठेवला. कंपनीला तो कागद आवडला असेल असे वाटत नाही. पण करार म्हणून तो जपणे तिला भाग होते. आपल्या राजाच्या धोरणाचा एवढा मोठा पुरावा आपल्या दप्तरात शोधत बसलो असतो तर हाती लागला असता का?

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. परक्या व्यापाऱ्याने लिहिलेले खरे कशावरून? तो बाजारगप्पा ऐकून लिहीत असे, त्याला भाषा नीट येत नसे, आणि स्वतःचा तोटा झाला की तो समोरच्याला लुटारू म्हणे. हे सगळे कबूल करावे. मुंबईच्या इंग्रजांनी महाराजांच्या निधनाच्या खोट्या बातम्या इतक्या वेळा ऐकल्या होत्या की १६८० मध्ये खरी बातमी आली तेव्हा त्यांना चटकन विश्वास ठेवता येईना. पण पत्रातली अफवाही तारीख घेऊन येते. अमुक महिन्यात वेंगुर्ल्याच्या बाजारात लोक काय बोलत होते हे कळणे, हीच मुळी इतिहासाची मोठी कमाई आहे. बातमी चुकली तरी भीती कशाची होती, आशा कोणावर होती, हे त्यातून कळते. शिवाय व्यापाऱ्याला एका बाबतीत खोटे बोलून चालत नसे. तांदळाचा भाव, मालाची आवक आणि वाटांवरची सुरक्षितता यांत चूक केली तर पुढचे जहाज रिकामे जाई. अशा नोंदींवर विसंबता येते, आणि मराठी साधनांत नेमकी हीच बाजू तुटपुंजी आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. कागद हेगला, जकार्त्यात, कोलंबोत आणि चेन्नईत आहेत. डच कंपनीची या सगळ्या ठिकाणची दप्तरे मिळून सुमारे अडीच कोटी पाने होतात आणि २००३ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिवारसा म्हणून नोंद केली. मग वेंगुर्ल्याच्या ओक्याबोक्या भिंतींत दाखवणार काय? पूर्व विदर्भाला हे दुःख नवे नाही. आपल्याला लागून असलेल्या बालाघाटच्या गुंगेरियात १८७० मध्ये तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे एका जागी सापडले. त्यांतला बराचसा ऐवज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. काही भाग नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या ‘अजब बंगल्या’त आहे. जिथे वस्तू सापडली तिथे पाहायला काही उरले नाही. तरीही या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते अमेरिकेत प्रत्यक्ष उभे आहे.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी रेन्सेलर गावी क्रायलो नावाचे एक घर आहे. व्हान रेन्सेलर या डच जमीनदार घराण्याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले. विटांची जाड भिंत, आणि त्या भिंतीत बंदुका रोखण्यासाठी ठेवलेल्या फटी, ज्यांना आपण जंग्या म्हणतो. म्हणून लोक त्याला फोर्ट क्रायलो म्हणतात. १९२४ मध्ये ते राज्य सरकारकडे आले आणि पुढे हडसन खोऱ्यातल्या डच वसाहतीचे संग्रहालय झाले. घर मुळात रिकामेच होते. त्यात वस्तू आल्या त्या नदीच्या पलीकडून. आल्बनीत १६२४ मध्ये डचांनी बांधलेला फोर्ट ऑरेंज केव्हाच नामशेष झाला होता. १९७०-७१ मध्ये तिथून महामार्ग नेण्याआधी उत्खनन केले तेव्हा मातीखालून भांड्यांचे तुकडे, चिलमी, काच, मणी असा रोजच्या वापरातला पसारा निघाला, आणि तो क्रायलोत मांडला गेला. त्याच सुमारास, १९७४ पासून, न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथालयात डच वसाहतीची जुनी कागदपत्रे इंग्रजीत आणण्याचे काम चार्ल्स गेरिंग यांनी हाती घेतले आणि ते अनेक दशके चालवले. तोवर त्या प्रदेशाचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होतो असे मानले जाई. मातीतल्या वस्तू, भाषांतरित कागद आणि उभे घर, ही तीन जुळली तेव्हा संग्रहालय बोलू लागले. यांतल्या कोणत्याही गोष्टीसाठी मूळ कागद परदेशातून परत आणावा लागत नाही. वेंगुर्ल्यात वखारीचे आवार आहे, त्याखाली माती आहे आणि तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी माणसे जेवली-खाल्ली आहेत. पत्रांच्या छायाप्रती आज सहज मिळतात. अडते ते फक्त जुनी डच लिपी वाचून मराठीत आणणाऱ्या माणसांवाचून.

आशियातही उदाहरणे आहेत. कोलंबोच्या पेटा भागात डच गव्हर्नर टॉमस व्हान ऱ्ही याच्यासाठी सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले घर पुढे इस्पितळ, पोलिसांचे ठाणे, टपालघर अशी रूपे पालटत १९८२ मध्ये डच संग्रहालय झाले. श्रीलंकेला डचांचे राज्य सोसावे लागले होते. कोकणाला तेही सोसावे लागले नाही. तरी त्या देशाने ते घर पाडले नाही, त्यात स्वतःचा भूतकाळ मांडला. परकीयांच्या वास्तूवर खर्च कशाला, असे विचारणाऱ्याने हा फरक ध्यानात घ्यावा. वेंगुर्ल्यात डचांचा गौरव करायचाच नाही. तिथल्या भिंतीवर पहिला नकाशा असावा तो विजापूर, पन्हाळा, फोंडा आणि गोवा यांचा, आणि पहिले पत्र असावे ते मराठी फौजांच्या हालचालींविषयीचे. ज्या हमालांनी माल वाहिला, ज्या दुभाष्यांनी बातमी सांगितली, ज्या विणकरांनी कापड दिले, त्यांची नावे आपल्या कागदांत क्वचित सापडतात. कंपनीच्या जमाखर्चात ती सापडण्याचा संभव अधिक, कारण ज्याला पैसे दिले त्याची नोंद ठेवावीच लागे.

तिसरा आक्षेप गोंदियाचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाच्या वखारीची काळजी वाहण्याआधी आपल्या गढ्यांचे काय? कामठ्याचेच पाहा. १८१८ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाल्यावर कामठ्याच्या चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि कॅप्टन गॉर्डनला फौज घेऊन कामठा घ्यावा लागला. गोंदिया शहराचा तेव्हा आजच्या अर्थाने पत्ताही नव्हता. ते वाढले पुढे आगगाडी आल्यावर. या जिल्ह्याचा राजकीय इतिहास शोधायचा तर तो रेल्वे स्थानकाभोवती नाही, कामठा, आमगाव, प्रतापगड अशा जागी आहे. आक्षेपाचा रोख म्हणून योग्यच आहे. पण ‘आधी हे की आधी ते’ अशी निवड त्यातून निघत नाही. चिमणा पटेलाच्या उठावाची हकीकत आपल्याला कळते ती ज्यांनी तो मोडला त्यांच्या कागदांतून. पटेलाच्या कचेरीतली वही आपल्या हाती नाही. म्हणजे कामठ्यालाही वेंगुर्ल्याचाच मार्ग धरावा लागणार. विरोधकाचे दप्तर वाचायचे, त्याचा पक्षपात ओळखून बाजूला काढायचा आणि उरलेल्या मजकुरातून आपला माणूस उभा करायचा. ही विद्या वेंगुर्ल्यात एकदा घडली, तिथे दोन-चार तरुणांनी जुनी लिपी आणि कंपनीची पत्रपद्धती शिकून घेतली, तर त्यांच्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी नागपूरच्या रेसिडेन्सीच्या कागदांतून कामठाही वाचू शकेल.

म्हणून कामाचा क्रम ठरवताना छपराचा हिशेब सर्वांत आधी धरावा. चिऱ्यावर पाऊस पडत राहिला तर बाकीचे सगळे बोलणे पुढच्या पिढीवर जाईल. पण छपराचे काम चालू असतानाच, त्याच वर्षी, आवारातल्या मातीचे शास्त्रशुद्ध उत्खनन आणि वेंगुर्ल्याहून गेलेल्या पत्रांची यादी ही दोन कामे सुरू व्हावीत. पत्रांची यादी करायला कोकणातच असावे लागते असे नाही. बटाव्हियाच्या रोजनिशीचे ३१ छापील खंड उघडून, वर्षवार, ‘विंगुर्ला’ हे नाव जिथे जिथे येते ते पान टिपून काढण्याचे काम गोंदियाच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या वर्गातही करता येईल. पहिल्या वर्षी १६३७ ते १६४४, म्हणजे गोव्याच्या वेढ्याची वर्षे. दुसऱ्या वर्षी १६५९ पासून पुढे.